सरासरीच्या आड राहिलेली माणसं: सामाजिक न्याय आणि शाश्वत विकासावर संशोधन कसं करावं

शाश्वत विकासावरच्या बऱ्याच प्रबंधांत सामाजिक न्याय शेवटच्या प्रकरणात भेटतो. आधी पाणी, जंगल, ऊर्जा, उत्पन्न यांची भरगच्च प्रकरणं होतात आणि मग 'सामाजिक पैलू' या मथळ्याखाली थोडी पानं येतात. या मांडणीची अडचण अशी की तोवर महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात. कुणाला विचारायचं, काय मोजायचं, कुठल्या हद्दीत मोजायचं हे सगळं ठरलेलं असतं, आणि न्यायाचा प्रश्न नेमका याच निर्णयांत दडलेला असतो. तो नंतर जोडता येत नाही. म्हणून या लेखात संशोधनाच्या प्रत्येक पायरीवर तो कसा विचारायचा ते सांगणार आहे.

समाजशास्त्राचे विद्यार्थी, पीएच.डी.ला नुकती सुरुवात केलेले आणि संस्थांसाठी पाहणी अहवाल लिहिणारे अभ्यासक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. समजायला सोपं जावं म्हणून लेखभर एकच कल्पित उदाहरण घेऊ. एका गावालगतच्या मोकळ्या जमिनीवर मोठा सौरऊर्जा प्रकल्प उभा राहतो आहे. सरकारी नोंदीत ती जमीन पडीक आहे. प्रत्यक्षात तिथं जनावरं चरतात, तिथून सरपण येतं, आणि या जमिनीवर अवलंबून असलेल्या बहुतेक कुटुंबांकडे स्वतःची जमीन नाही. हे उदाहरण मुद्दाम निवडलं. धूर ओकणारा कारखाना असता तर बाजू घेणं सोपं गेलं असतं. इथं वीज स्वच्छ आहे, हवामानबदल रोखायला ती हवीच आहे, आणि तिची किंमत मात्र ज्यांनी हवामान सर्वांत कमी बिघडवलं तेच चुकवण्याची शक्यता आहे.

विषयातून प्रश्न काढा

'सामाजिक न्याय आणि शाश्वत विकास: एक समाजशास्त्रीय अभ्यास' हा विषय झाला, त्यातून प्रश्न अजून निघायचा आहे. तो काढण्यासाठी कागदावर तीन ओळी लिहा. फायदा कुणाला होतो? झळ कुणाला बसते? ठरवतं कोण? उत्तरात 'लोक', 'समाज', 'गाव' असले शब्द आले तर ते खोडा आणि नेमका गट लिहा: भूमिहीन पशुपालक, सरपण आणणाऱ्या बायका, जमीनमालक, प्रकल्पाचे कंत्राटदार, शहरातले वीजग्राहक. चौथी ओळ काळाची. सौर पॅनेलचं आयुष्य साधारण 25 ते 30 वर्षं असतं, म्हणजे आज शाळेत जाणारी मुलं चाळिशीकडे झुकेपर्यंत ती जमीन अडकलेली राहील. त्यांच्या वतीने कोण बोललं?

या चार ओळींतून निघालेला प्रश्न काहीसा असा दिसेल: 'जमीन प्रकल्पाकडे गेल्यानंतरच्या तीन वर्षांत भूमिहीन पशुपालक कुटुंबांचा चारा, सरपण आणि उत्पन्न यांची घडी कशी बदलली, आणि जमिनीचा निर्णय होताना त्यांचं म्हणणं कुठल्या टप्प्यावर ऐकलं गेलं?' यात गट आहे, काळ आहे, मोजता येणारी गोष्ट आहे आणि प्रक्रियाही आहे. आता एक परीक्षा घ्या. तुमच्या समजुतीच्या विरुद्ध उत्तर येण्याची वाट या प्रश्नात मोकळी आहे का? या कुटुंबांचं काहीच बिघडलं नाही, उलट त्यांना रोजगार मिळाला, असंही निघू शकतं का? ती वाट बंद असेल तर तुम्ही निष्कर्ष आधीच ठरवला आहे. अन्यायाची चीड असणं योग्यच आहे, पण तिच्या बळावर फक्त विषय निवडावा, उत्तर पुराव्यावर सोडावं.

व्याख्या अर्धी वाचू नका

शाश्वत विकासाची सर्वांत प्रचलित व्याख्या 1987 सालच्या, संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली आहे. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रबंधात असतं. त्याच्या लगेच पुढे काय आहे ते फार थोडे जण उद्धृत करतात. अहवाल सांगतो की या व्याख्येत दोन कल्पना आहेत. एक गरजांची, त्यातही जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजांची, आणि या गरजांना सर्वोच्च प्राधान्य द्यावं असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. दुसरी मर्यादांची. या मर्यादा तंत्रज्ञानाच्या अवस्थेतून आणि समाजरचनेतून येतात, असं अहवाल मांडतो. म्हणजे न्याय मूळ व्याख्येतच आहे, आणि मर्यादा निव्वळ निसर्गाच्या नाहीत, समाजरचनेच्याही आहेत. समाजशास्त्रज्ञाला आपल्या कामासाठी याहून भक्कम आधार नको.

न्यायाच्या बाजूने मला सर्वांत उपयोगी वाटते ती अमेरिकी विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांची त्रिविध मांडणी: संसाधनांचं वाटप, ओळखीला मान्यता आणि निर्णयात प्रतिनिधित्व. ती क्षेत्रकार्यात चालते, कारण तिन्ही गोष्टी प्रत्यक्षात वेगवेगळ्या पाहता येतात. एखाद्या गटाला नुकसानभरपाई मिळते, पण बैठकीला बोलावणं येत नाही. दुसऱ्याला बोलावतात, पण त्याचं चराईचं ज्ञान अडाणीपणात जमा होतं. अमर्त्य सेन यांचा क्षमतांचा विचार याला पूरक आहे. हातात आलेली वस्तू किंवा रक्कम मोजून थांबू नका, तिच्यातून माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो ते पाहा, हा त्याचा आग्रह. सारखीच रक्कम मिळालेल्या दोन कुटुंबांपैकी एकाकडे बँक खातं, शिक्षण आणि ओळखीपाळखी आहेत, दुसऱ्याकडे यातलं काहीच नाही. दोघांना समान न्याय मिळाला असं म्हणता येणार नाही.

मुख्य सैद्धांतिक चौकट एकच ठेवा. चार विचारवंतांची चार प्रकरणं लिहून पुढे कुणाचाच वापर न करणं हा वेळेचा अपव्यय आहे. चौकट निवडल्यावर तिची प्रत्येक कल्पना जमिनीवर उतरवा. 'प्रतिनिधित्व' म्हणजे तुमच्या अभ्यासात नेमकं काय? बैठकीची सूचना कुणापर्यंत पोहोचली, कोण आलं, कोण बोललं, आणि बोलण्यामुळे निर्णयात काही बदललं का. एवढं लिहून झालं की निम्मी प्रश्नावली तयार असते.

हद्द कुठे आखायची

या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण इथं झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात कचरा कुठे टाकला जातो याचा अभ्यास केला. त्यांची पत्नी लिंडा मॅकीव्हर बुलार्ड वकील होत्या आणि एका वस्तीतल्या कचराडेपोविरुद्धचा दावा लढवत होत्या. बुलार्ड यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन जुन्या नोंदी धुंडाळल्या आणि जागा नकाशावर मांडल्या. शहराच्या मालकीचे पाचही कचराडेपो कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये निघाले. शहराच्या कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा आणि चार खासगी डेपोंपैकी तीनही तिथेच. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचं प्रमाण मात्र सुमारे 25 टक्के होतं. एवढा पुरावा असूनही दावा हरला, कारण भेदभाव जाणूनबुजून केला हे न्यायालयात सिद्ध करता आलं नाही. यातून शिकण्यासारखं बरंच आहे. परिणाम दाखवणं आणि हेतू सिद्ध करणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, आणि समाजशास्त्राचं बळ पहिल्यात आहे. कुणाच्याही मनात वाईट हेतू नसताना व्यवस्था झळ एकाच दिशेला ढकलत राहू शकते.

पुढची गोष्ट पद्धतीच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची. 1987 मध्ये अमेरिकेतल्याच युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या आयोगाने देशभराचा अभ्यास केला. घातक कचऱ्याची केंद्रं कुठे आहेत याचा सर्वांत ठळक संबंध लोकसंख्येच्या वंशाशी लागतो, असं त्यात निघालं. मोजणीचं एकक होतं पोस्टाचा पिनकोड विभाग. 1994 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जनगणनेचे छोटे विभाग एकक म्हणून घेतले, तेव्हा तो संबंध बराच पुसट झाला. वाद पेटला. मग 2006 मध्ये पॉल मोहाई आणि रॉबिन साहा यांनी मूळ अडचणीवर बोट ठेवलं. केंद्र एखाद्या विभागाच्या अगदी कडेला असेल, तर सीमेपलीकडच्या शेजारच्या वस्तीला त्याचा त्रास होत असूनही हिशेबात ती 'केंद्र नसलेला विभाग' म्हणून गणली जाते. त्यांनी विभागाऐवजी केंद्रापासूनचं प्रत्यक्ष अंतर धरलं आणि विषमता पूर्वी दिसत होती त्याहून मोठी निघाली. वास्तव तेच होतं, फक्त रेघ कुठे ओढली यावर उत्तर फिरत होतं.

आपल्या उदाहरणात प्रशासकीय हद्द गावाची आहे. तेवढीच धरली तर उन्हाळ्यात दुरून कळप घेऊन येणारे फिरते पशुपालक अभ्यासाबाहेर पडतात, आणि त्यांची नोंद त्या गावात नसल्यामुळे त्यांची झळ कुठल्याच अहवालात येत नाही. म्हणून किमान तीन हद्दी आखून पाहा: प्रशासकीय हद्द, वापराची हद्द (त्या जमिनीवर कोण कोण येतं), आणि परिणामाची हद्द (हटवलेली जनावरं आता कुणाच्या कुरणावर गेली). तिन्हींत निष्कर्ष टिकला तर तो भक्कम आहे. बदलला तर तसं लिहा. हा बदलच अनेकदा तुमच्या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा शोध असतो.

तयार आकडे वाचताना

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर 2015 मध्ये स्वीकारलेल्या अजेंड्यात 17 शाश्वत विकास उद्दिष्टं आणि 169 लक्ष्यं आहेत. कुणालाही मागे राहू द्यायचं नाही, हे त्यातलं वचन. त्यातलं 17.18 क्रमांकाचं लक्ष्य संशोधकाने पाठ करावं असं आहे. उत्पन्न, लिंग, वय, वंश, वांशिक ओळख, स्थलांतराची स्थिती, अपंगत्व आणि भौगोलिक स्थान यांनुसार फोडून आकडेवारी उपलब्ध करण्याबद्दल ते आहे. एखाद्या कार्यालयाकडे फोड केलेले आकडे मागताना याचा दाखला जरूर द्या.

फोड का हवी? समजा, 100 कुटुंबं आहेत आणि सुरुवातीला सगळ्यांचं उत्पन्न सारखं आहे. प्रकल्पानंतर 90 कुटुंबांचं उत्पन्न 10 टक्क्यांनी वाढलं आणि 10 कुटुंबांचं निम्म्यावर आलं. सरासरी काढली तर उत्पन्न 4 टक्के वाढलेलं दिसतं. अहवालात 'उत्पन्नात वाढ' असं येईल आणि ते खोटंही नसेल. ती दहा कुटुंबं मात्र सरासरीने गिळली. म्हणून पहिला तक्ता सरासरीचा करू नका. आधी गटवार तक्ता करा, मग एकूण.

जीनी निर्देशांक 0 ते 1 या मापात विषमता सांगतो, पण ती विषमता कुणाची आणि कशामुळे हे सांगत नाही. 2010 पासून वापरात असलेला बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या दहा सूचकांवर उभा आहे. तो उत्पन्नाच्या पुढे जातो, पण त्याचं एकक कुटुंब आहे. घरात कुणाच्या ताटात शेवटी काय उरतं हे त्यात दिसत नाही. तेवढ्यासाठी घराच्या आत जावं लागतं.

नमुना निवडताना गैरहजर कोण ते शोधा

मतदार यादीवरून किंवा घरपट्टीच्या नोंदीवरून नमुना काढणं सोयीचं असतं. पण यादीत नसलेली माणसंच बहुतेक वेळा आपल्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी असतात: भाडेकरू, हंगामी मजूर, फिरते समूह, नुकतीच वेगळी झालेली एकटी बाई. यादी हातात आली की स्थानिक शिक्षिका, आरोग्यसेविका, दुकानदार अशा वेगवेगळ्या माणसांसोबत बसून 'यात कोण नाही?' एवढंच विचारा आणि पूरक यादी तयार करा.

दुसरा मुद्दा लहान गटांचा. गट लोकसंख्येत 5 टक्के असेल आणि तुम्ही यादृच्छिक पद्धतीने 200 कुटुंबं घेतलीत, तर त्या गटातली साधारण दहाच वाट्याला येतील. दहा कुटुंबांवरून गटाबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही. स्तरित नमुना घ्या, म्हणजे प्रत्येक गटातून वेगळी निवड करा, लहान गटातून मुद्दाम जास्त कुटुंबं घ्या आणि एकूण आकडे काढताना भार देऊन प्रमाण परत जुळवा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दार बंद असलेलं घर सोडून शेजारच्या घरात शिरू नका. बंद दाराआडचं कुटुंब कामावर गेलेलं असतं आणि दिवसभर घरी कुणी असणं न परवडणाऱ्यांचीच घरं सर्वांत जास्त बंद असतात. संध्याकाळी परत जा.

एक प्रश्न कसा दुरुस्त होतो

प्रश्नावलीबद्दल सर्वसाधारण उपदेश करण्यापेक्षा एकच प्रश्न जवळून पाहू. पहिल्या खर्ड्यात तो असा असतो: 'तुमचे कुटुंब सदर जमिनीचा वापर करते काय? होय/नाही.' प्रश्न कुटुंबप्रमुखाला विचारला जातो. तो 'नाही' म्हणतो.

हे उत्तर तीन कारणांनी चुकलेलं असू शकतं. तो स्वतः तिथं जात नाही, त्याची बायको जाते, आणि तिच्या जाण्याला तो 'वापर' मानत नाही. दुसरं, जमीन सरकारी आहे हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे 'होय' म्हणणं म्हणजे अतिक्रमण कबूल करणं, असं त्याला वाटतं. तिसरं, प्रश्नात काळ नाही. पावसाळ्यातलं उत्तर आणि उन्हाळ्यातलं उत्तर वेगळं असणार.

आता तोच प्रश्न फोडून चूल सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारा. काल स्वयंपाक कशावर केला? सरपण असेल तर कुणी आणलं? कुठून? जायला-यायला किती वेळ लागला? मागच्या वर्षी याच दिवसांत कुठून आणत होता, आणि तेव्हा किती वेळ लागायचा? यात कुणालाही कसली कबुली द्यावी लागत नाही. कालच्या दिवसाची आठवण ताजी असते. आणि शेवटच्या दोन उत्तरांतून वेळेचा फरक मिळतो, जो पैशातल्या कुठल्याही हिशेबात पकडला जात नाही. सरपणासाठी बाईचा एक तास वाढला, तर तो तिच्या झोपेतून, मजुरीतून किंवा मुलीच्या शाळेतून येतो. कशातून, हे पुढच्या मुलाखतीत विचारा.

अशा पद्धतीने प्रत्येक प्रश्न तपासायचा, आणि प्रत्यक्ष पाहणीआधी अभ्यासक्षेत्राबाहेरच्या पण तशाच वस्तीत चाचणी घ्यायची.

आकड्यांच्या जोडीला शिवारफेरी करा. जमीन वापरणाऱ्या माणसांसोबत ती पायी ओलांडा आणि ती काय दाखवतात ते टिपत जा. मग त्यांनाच नकाशा काढू द्या. कागदी नकाशातली एकसलग पडीक जमीन त्यांच्या नकाशात पाणवठा, वाटा, सावलीची झाडं, दगडाळ भाग अशी भरून जाते. बायकांचा नकाशा आणि पुरुषांचा नकाशा वेगवेगळा काढून घ्या आणि शेजारी ठेवा. दोन्हींतला फरक गटचर्चेच्या कित्येक तासांहून जास्त सांगतो.

निर्णय कसा झाला ते शोधणं

'लोकांचा सहभाग होता' या वाक्याने संशोधकाने कधीही समाधान मानू नये. शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खाली लोकांना नुसतं वळवून घेणं, मधे माहिती देणं आणि सल्ला विचारणं, वर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि नागरिकांचं नियंत्रण. मधल्या पायऱ्यांवर लोक बोलतात, पण त्यांचं म्हणणं मानलंच जाईल याची हमी नसते, आणि बहुतेक प्रकल्पांचे अहवाल तिथेच थांबून सहभाग झाल्याचं जाहीर करतात.

यासाठी बैठकीचं इतिवृत्त मिळवा आणि ते एखाद्या जुन्या दस्तऐवजासारखं बारकाईने वाचा. बैठक कधी होती? कामाच्या दिवशी सकाळी अकराला असेल तर मजूर गैरहजर राहणारच. सूचना किती दिवस आधी दिली, कुठे लावली, कुठल्या भाषेत? हजेरीच्या पानावर सह्या किती, अंगठे किती, बायकांची नावं सलग एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात आहेत का? इतिवृत्तात कुणाचा आक्षेप नोंदवला आहे का, की 'सर्वानुमते' एवढंच आहे? मग हजेरीतल्या काही माणसांना प्रत्यक्ष भेटा. आपण अशा बैठकीला गेलो होतो हेच काहींना आठवत नसेल. कुणावर आरोप न करता ही तफावत नोंदवा.

बायकांच्या सहभागाबद्दल बीना अगरवाल यांचं भारत आणि नेपाळमधल्या सामुदायिक वनसमित्यांवरचं काम जरूर वाचा. समितीत बायकांचं प्रमाण साधारण पाव ते एक तृतीयांशापर्यंत पोहोचलं की त्यांची हजेरी, बोलणं आणि पद सांभाळणं यांत ठळक फरक पडतो, असं त्यांना दिसलं. एखादीच सदस्य असेल तर ती बहुधा गप्प बसते. तेव्हा 'महिला सदस्य आहे का' या रकान्याला फारसा अर्थ नाही. किती आहेत आणि त्या बोलतात का, हे नोंदवा.

मूळनिवासी समूहांचा प्रश्न असेल तर कसोटी आणखी कडक आहे. 2007 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचं तत्त्व आहे. दबावाविना, काम सुरू होण्याआधी आणि समजेल अशी पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती. तिन्ही अटी सुट्या सुट्या तपासा. 'पूर्व' ही अट सर्वांत जास्त मोडते आणि तारखांवरून सहज सिद्धही होते.

नुकसान पैशात मावत नाही

जागतिक बँकेत दीर्घकाळ काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून येणारे आठ धोके मांडले: जमीन जाणं, काम जाणं, घर जाणं, समाजात कडेला पडणं, अन्नाची असुरक्षितता, आजारपण आणि मृत्यू वाढणं, सामाईक संसाधनं हातची जाणं आणि समाजाचे बंध तुटणं. मला ही यादी मोलाची वाटते, कारण नेहमीची नुकसानभरपाई पहिल्या एक-दोन धोक्यांनाच हात लावते. मोठ्या धरणांमुळे जगभरात 4 ते 8 कोटी माणसं विस्थापित झाल्याचा अंदाज जागतिक धरण आयोगाने 2000 मध्ये दिला. या माणसांचं काय झालं याचा अभ्यास करताना नुसती रक्कम मोजणं किती तोकडं आहे ते कळतं.

आपल्या उदाहरणात तर कुणाचं घर हललेलंच नाही, त्यामुळे कागदावर विस्थापित शून्य आहेत. तरीही आठांपैकी सातवा धोका पूर्ण अंगावर आला आहे आणि त्यामागून दुसरा आणि पाचवा येतो आहे. आठ रकान्यांचा तक्ता करा, प्रत्येक कुटुंबासाठी भरा आणि कुठला धोका आधी आला, कुठला त्याच्यामागून, हा क्रमही लिहा.

सामाईक संसाधनांबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम टाळता येणार नाही. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामाईक कुरणाचा नाश अटळ असल्याचं मांडलं होतं. लोक स्वतः नियम करून अशी संसाधनं पिढ्यानपिढ्या टिकवतात हे ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सांगितलेली आठ तत्त्वं तपाससूची म्हणून वापरा, पण एका सावधगिरीनं. व्यवस्था टिकली म्हणजे ती न्याय्य आहे असं होत नाही. काही गटांना पूर्ण बाहेर ठेवूनही कुरण छान राखलं जाऊ शकतं. टिकाऊपणा आणि न्याय हे दोन वेगळे रकाने ठेवा.

तुलना आणि काळ

बदल प्रकल्पामुळे झाला की एरवीही झाला असता? याचं उत्तर देण्यासाठी प्रकल्प नसलेली, पण बाकी बाबतींत मिळतीजुळती वस्ती तुलनेला घ्या. शक्य असेल तर काम सुरू होण्याआधीची पायाभूत पाहणी करा. ते हुकलं असेल तर लोकांच्या आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. अशा वेळी 'तीन वर्षांपूर्वी' असं न विचारता सर्वांना आठवणारी घटना धरा: अमुक निवडणुकीआधी, तो मोठा पूर आला त्या वर्षी. आणि किमान एक पूर्ण वर्ष पाहा. चाऱ्याचा प्रश्न उन्हाळ्यात जेवढा टोकदार असतो तेवढा पावसाळ्यानंतर नसतो.

संमती तुम्हालाही घ्यायची आहे

प्रकल्पाने लोकांना विचारलं नाही असं लिहिणाऱ्या संशोधकाने स्वतः घाईघाईत कागदावर सही घेणं शोभत नाही. अमेरिकेतल्या 1979 च्या बेल्माँट अहवालात माणसांवरच्या संशोधनासाठी तीन तत्त्वं आहेत: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. न्यायाचा अर्थ तिथं असा की संशोधनाचा भार एका गटावर आणि फायदा दुसऱ्याला, असं होऊ नये. भूमिहीन कुटुंबाने तुम्हाला दिलेले दोन तास म्हणजे बुडालेली मजुरी असू शकते. वेळ त्यांच्या सोयीने घ्या आणि मुलाखत आटोपशीर ठेवा.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. लहान वस्तीत 'चाळिशीतली विधवा, दोन शेळ्या' एवढ्यावरून माणूस ओळखू येतो आणि तिने कुणाविरुद्ध बोललं हेही. अशा वेळी तपशील बदला, दोन-तीन माणसांची माहिती मिसळा किंवा ते विधान सोडून द्या. लोकांनी काढलेला नकाशाही जपून वापरा. गुप्त पाणवठा किंवा पवित्र जागा छापली गेली तर तिचं नुकसान कुणीही भरून देऊ शकत नाही. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी, कुलूपबंद किंवा पासवर्ड लावून ठेवा.

विश्लेषण, लेखन आणि परत जाणं

आकडे आणि मुलाखती वेगवेगळ्या प्रकरणांत कोंडू नका. तक्त्यात दहा कुटुंबांचं उत्पन्न निम्म्यावर आलेलं दिसलं की लगेच त्याखाली त्या कुटुंबांच्या मुलाखतींतून ते कसं घडलं ते यावं. जनावरं विकावी लागली, ती पडत्या भावाने गेली, मग मजुरी, मग कर्ज. आणि ज्या कुटुंबांचं भलं झालं त्यांच्याही मुलाखती तेवढ्याच काळजीने मांडा. प्रकल्पावर रोजगार मिळालेल्या तरुणाचा आनंद खरा आहे आणि तो लपवणारा अहवाल पहिल्याच विरोधी प्रश्नाला कोसळतो.

प्रकल्पाच्या, सरकारच्या आणि जमीनमालकांच्या बाजूच्या मुलाखती घेतल्याशिवाय लिहायला बसू नका. ठरवणाऱ्यांचा अभ्यास केल्याखेरीज निर्णयाचा अभ्यास पुरा होत नाही, आणि आपलं समाजशास्त्र गरिबांच्या घरांत जितकं सहज शिरतं तितकं कार्यालयांत शिरत नाही, ही खरी उणीव आहे.

शेवटचा मसुदा विद्यापीठाकडे जाण्याआधी वस्तीवर न्या. चार पानांचा सारांश लोकांच्या भाषेत तयार करा, मोठ्याने वाचून दाखवा, बायकांच्या गटात वेगळा वाचा. काही जण म्हणतील हे असं नाही. तो आक्षेप जिथं पुराव्याने पटतो तिथं मजकूर दुरुस्त करा. जिथं पटत नाही तिथं तुमचं म्हणणं ठेवा आणि शेजारीच त्यांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत छापा. सारांशाची एक प्रत ग्रंथालयात किंवा शाळेत ठेवा आणि गटवार तक्ते, नावं वगळून, वस्तीतल्या लोकांच्या हाती द्या. पुढच्या बैठकीत त्यांना ते लागतील.